बल्ब घेण्याआधी होल्डरकडे पाहा

जालन्यात विजेच्या सामानाच्या दुकानात घरासाठी बल्ब मागितला जातो तो बहुतेकदा एका आकड्याने. "नऊ वॅटचा द्या," एवढं म्हटलं की काउंटरवर डबी येते, दुकानदार बल्ब होल्डरला लावून पेटवून दाखवतो, त्याच्या पांढऱ्या गळ्यावर मार्करने तारीख टाकतो आणि व्यवहार संपतो. बल्ब न्हाणीघरात लागणार की स्वयंपाकघरात, उघड्या होल्डरला की काचेच्या बंद गोळ्यात, दिवसाला दहा मिनिटं जळणार की रात्रभर, हे गिऱ्हाईक सांगत नाही आणि दुकानदारही विचारत नाही. मग वर्षभरात एखादा बल्ब जातो, एखाद्याचा उजेड पुरत नाही, लाइट बिलही मनासारखं उतरत नाही, आणि दोष सरसकट 'या एलईडी'च्या माथी मारला जातो. माझं म्हणणं असं, की यातला बराचसा दोष निवडीचा आहे. बल्ब कोणता घ्यायचा हे त्याची जागा ठरवते. तिथली उष्णता, तिथे दिवा किती तास जळतो आणि उजेड कोणत्या दिशेला हवा, या तीन गोष्टी आधी पाहायच्या. वॅटचा आकडा त्यानंतर येतो.

नऊ वॅटचा आकडा तोंडात बसला त्याला कारण आहे. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने एलईडी बल्ब स्वस्तात वाटण्याची देशव्यापी योजना सुरू केली. पुढे ती 'उजाला' या नावाने ओळखली गेली. एनर्जी एफिशिएन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने बल्बांची घाऊक खरेदी केली आणि २०१४ साली ज्या बल्बची खरेदी किंमत ३१० रुपये होती, तो दोन-तीन वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. देशभर ३६ कोटींहून अधिक आणि महाराष्ट्रात दोन कोटींहून अधिक बल्ब या योजनेतून घराघरांत गेले. सरकारी योजनेने एखाद्या वस्तूचा बाजारभाव इतका खाली आणल्याची उदाहरणं फार नाहीत, त्यामुळे उजालाला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण इतक्या मोठ्या वाटपाला एकच माप सोयीचं असतं. साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी, हे समीकरण तेव्हा घरोघरी पोचलं ते तिथेच थांबलं. साठचा बल्ब मुळात त्या जागी योग्य होता का, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

वॅट म्हणजे बल्ब किती वीज खातो त्याचं माप. उजेडाचं माप ल्युमेन. तारेचे पिवळे बल्ब सगळे एकाच जातीचे होते, साठचा म्हटला की कुठल्याही कंपनीचा असो, साधारण सातशे ल्युमेन देणार, म्हणून वॅटवरून उजेड ओळखण्याची सवय चालून गेली. एलईडीत तसं नाही. एक कंपनी एका वॅटमागे ऐंशी ल्युमेन काढते, दुसरी एकशे वीस काढते. म्हणजे नऊ वॅटच्या दोन डब्यांतल्या एकीत सव्वासातशे ल्युमेन असतात आणि दुसरीत हजाराच्या वर. ल्युमेनचा आकडा डबीवर छापलेला असतो, फक्त तो वॅटच्या आकड्यापेक्षा बारीक अक्षरांत असतो.

आता खोलीचा हिशेब. दहा बाय दहा फुटांची खोली म्हणजे सव्वानऊ चौरस मीटर. नेहमीच्या वावराला चौरस मीटरमागे शंभरेक ल्युमेन खाली पोचले तर बरं वाटतं. मूल अभ्यासाला बसतं त्या जागी त्याच्या दुप्पट-तिप्पट हवेत. दिव्यातून निघालेला सगळा उजेड खाली येत नाही. छत, भिंती, पडदे आणि धूळ मिळून जवळपास निम्मा गिळतात. म्हणजे अशा खोलीला एकूण दोन हजारांच्या आसपास ल्युमेन लागतात. नऊ वॅटचा एक बल्ब फार तर याच्या निम्म्याच्या आसपास देतो. वीस वॅटची एलईडी पट्टी दोन हजार देते. भिंती गडद निळ्या-हिरव्या असतील, किंवा अंबड-घनसावंगीकडच्या जुन्या वाड्यासारखं धुराने काळवंडलेल्या लाकडी तुळयांचं माळवद डोक्यावर असेल, तर तेवढेही पुरत नाहीत. कारण छतावरून परत येणारा उजेड तिथे जवळजवळ नसतोच. याउलट चार बाय चार फुटांच्या संडास-न्हाणीला नऊ वॅट म्हणजे चैन आहे, पाच वॅटमध्ये काम भागतं.

दिशेचा मुद्दा सहसा कुणी बोलत नाही. तारेचा बल्ब चहूकडे उजेड टाकायचा. नेहमीच्या एलईडी बल्बचा खालचा अर्धा भाग पांढऱ्या प्लास्टिकचा किंवा धातूचा असतो. त्यात सर्किट असतं आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय असते. उजेड निघतो तो फक्त पुढच्या घुमटातून. त्यामुळे होल्डर कुठे आणि कोणत्या तोंडाने बसवला आहे याला महत्त्व येतं. छतावरून वायरला लोंबणाऱ्या होल्डरमध्ये हा बल्ब जमीन चांगली उजळवतो आणि छत काळोखात ठेवतो. भिंतीवरच्या सरळ होल्डरमध्ये तोच बल्ब आडवा राहतो आणि त्याचा बराच उजेड समोरच्या भिंतीवर आणि माणसाच्या डोळ्यांत जातो. भिंतीवर लावायचाच असेल तर कलता अँगल होल्डर घ्यावा, तोंड खाली झुकतं राहतं आणि उजेड कामाच्या जागी पडतो. स्वयंपाकघरात तर बल्ब बदलून प्रश्न सुटतच नाही. दिवा खोलीच्या मधोमध असतो, बाई ओट्याकडे तोंड करून उभी असते, तिचीच सावली विळीवर आणि तव्यावर पडते. तिथे बल्ब आणखी मोठा केला तरी सावली तशीच राहते. ओट्याच्या वर, डोळ्यांच्या रेषेच्या जरा वर, पाच-सात वॅटची छोटी पट्टी लावली की मधल्या मोठ्या दिव्याशिवायही भाजी नीट निवडता येते.

सगळ्यांत जास्त नुकसान मात्र उष्णतेच्या बाबतीतल्या गैरसमजाने होतं. एलईडी थंड असतो असं सर्रास म्हटलं जातं. तो पिवळ्या बल्बच्या मानाने थंड असतो, एवढंच खरं. त्यात शिरणाऱ्या नऊ वॅटमधली निम्म्याहून जास्त वीज शेवटी उष्णताच होते. फरक असा, की पिवळा बल्ब आपली उष्णता समोर फेकून देतो आणि त्याच्या काचेचं नि तारेचं त्याने काही बिघडत नाही. एलईडीची उष्णता मागच्या गळ्यातून हळूहळू बाहेर पडते आणि त्याच गळ्यात त्याचं सर्किट बसलेलं असतं. घरातली एसी वीज उजेड देणाऱ्या चिपला चालेल अशी करून देणारं हे सर्किट म्हणजे ड्रायव्हर. त्यात एक छोटा नळकांड्यासारखा कपॅसिटर असतो, आत ओलसर रसायन असलेला. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आडाखा आहे. आता जालन्याचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारा चाळिशीच्या वर, वरती पत्रा, पत्र्याखाली हातभर अंतरावर होल्डर आणि होल्डरला काचेचा बंद गोळा. गोळ्याच्या आतली हवा हलत नाही. डबीवर २५,००० तास छापलेले असतात. रोज पाच तास धरले तर ते साडेतेरा वर्षांच्या वर जातात. पण तो आकडा चिपचा उजेड सत्तर टक्क्यांवर यायला लागणारा काळ सांगतो, आणि चिपचा उजेड तेवढा उतरण्याच्या आधीच बऱ्याचदा ड्रायव्हर मरतो. ओसरीतल्या उघड्या होल्डरमध्ये वर्षानुवर्षं चालणारा बल्ब फाटकावरच्या बंद गोळ्यात एका उन्हाळ्यात जातो, याचं कारण हे असं आहे.

म्हणून बंद काचेच्या फिटिंगला शक्य तितका कमी वॅटचा बल्ब लावावा. पाचचा चालत असेल तर नऊचा लावू नये, आणि बारा-पंधराचा तर मुळीच नको. जास्त उजेड हवा असेल तर दोन उघडे होल्डर दोन जागी बसवावेत, एका बंद गोळ्यात मोठा बल्ब कोंबू नये. अनेक बल्बांच्या डबीवर बंद फिटिंगमध्ये वापरू नये अशी सूचना असते, ती वाचावी. शहरात नव्या घरांना फॉल सीलिंग करायची पद्धत आली आहे. तिथे पॅनेल लाइट घेताना ज्याचा ड्रायव्हर वेगळ्या डबीत आहे आणि वायरने जोडलेला आहे तोच घ्यावा. ड्रायव्हर गेला तर तेवढाच बदलता येतो, आख्खा दिवा फेकावा लागत नाही. गेलेल्या बल्बचा पांढरा घुमट काढून पाहिला तर पुष्कळदा आतल्या पट्टीवरच्या पिवळ्या ठिपक्यांपैकी एकाच्या मधोमध सुईच्या टोकाएवढा काळा डाग दिसतो. तो एक चिप जळाला आणि सगळे एकाच माळेत असल्यामुळे बाकीचेही विझले. दुरुस्ती करणारी पोरं त्या चिपची दोन टोकं जोडून देतात आणि बल्ब पुन्हा पेटतो. पण उरलेल्या चिपांवरचा ताण वाढतो, म्हणून असा बल्ब न्हाणीघरात किंवा कोठीत लावावा, बैठकीत नाही.

"उष्णतेचं सोडा, आमच्याकडे व्होल्टेजच असं की कोणताही बल्ब टिकत नाही," ही तक्रार भोकरदन-जाफराबादपासून परतूर-मंठ्यापर्यंत सगळीकडे आहे, आणि ती खोटी नाही. संध्याकाळी डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, भार आला की व्होल्टेज पडतं, लाइट जाऊन आली की झटका बसतो, आणि डीपीवरची न्यूट्रलची वायर सैल झाली तर काही घरांत दोनशे तीसच्या जागी तीनशेच्याही वर जातं. पण इथेही निवडीला वाव आहे. चांगल्या बल्बवर तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालतो हे छापलेलं असतं. १०० ते ३०० असं लिहिलेला बल्ब गावासाठी आणि २२० ते २४० लिहिलेला मोठ्या शहरासाठी, असं सरळ मानावं. व्होल्टेजचा अचानक झटका, म्हणजे सर्ज, किती झेलतो तेही काहींवर किलोव्होल्टमध्ये लिहिलेलं असतं. अगदी स्वस्त बल्बांत पुरता ड्रायव्हर नसतो, चिपच्याच पट्टीवर एखादा आयसी बसवून काम भागवलेलं असतं. व्होल्टेज पडलं की असे बल्ब मंद होतात आणि बऱ्याचदा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण लांबलचक वाचनाने डोकं चढतं. दुकानातच पेटलेल्या बल्बपुढे मोबाइलचा कॅमेरा धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब अभ्यासाच्या खोलीसाठी घेऊ नये.

आता पैशांकडे येऊ. बचतीचा हिशेब बल्ब किती वॅटचा यावर कमी आणि तो किती तास जळतो यावर जास्त अवलंबून असतो. बैठकीतला साठचा पिवळा बल्ब रोज पाच तास जळाला तर वर्षाला ११० युनिटं खातो, त्याच्या जागी नऊचा एलईडी सोळा-सतरा. वाचलेली ९३ युनिटं आठ रुपयांनी धरली तरी साडेसातशे रुपये होतात. तोच साठचा बल्ब संडासात रोज अर्धा तास जळतो तेव्हा वर्षाची बचत जेमतेम पाऊणशे रुपये भरते. जुनी चाळीस वॅटची जाडी ट्यूब तिच्या लोखंडी चोकसकट पंचावन्न वॅट खाते. रोज सहा तास धरले तर वर्षाला १२० युनिटं. वीस वॅटची पट्टी ४४ वर येते. महावितरणच्या घरगुती दरपत्रकात पहिली शंभर युनिटं संपली की पुढच्या टप्प्याचा दर बराच चढतो, त्यामुळे महिन्याला शंभराच्या थोडं वर असणाऱ्या घरात वाचलेलं प्रत्येक युनिट वरच्या महाग टप्प्यातलं असतं. म्हणजे आठ रुपयांचा माझा हिशेब त्या घरांसाठी हात राखूनच केलेला आहे.

आणि या तासांच्या हिशेबात सगळ्यांत मोठा चोर देवघरात बसलेला सापडतो. देवापुढचा लाल झिरोचा बल्ब रात्रंदिवस जळतो, आणि नाव झिरो असल्यामुळे तो काही खातच नाही अशी समजूत आहे. जुना काचेचा झिरोचा बल्ब प्रत्यक्षात बारा ते पंधरा वॅट खातो. जुन्या फिरत्या चकतीच्या मीटरला एवढा बारीक भार नीट पकडता येत नसे, म्हणून तो बिलात दिसत नसे. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर तो चोख मोजतात. पंधरा वॅट, चोवीस तास, ३६५ दिवस म्हणजे वर्षाला १३१ युनिटं. बैठकीतला साठचा बल्ब रोज पाच तास जाळला तरी एवढं बिल येत नाही. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट बल्ब त्याच जागी वर्षाला साडेचार युनिटांच्या आत राहतो, रंग लालच मिळतो, होल्डरही तोच चालतो. झोपायच्या खोलीतल्या आणि जिन्यातल्या रात्रभर जळणाऱ्या झिरोलाही हाच न्याय. बैठकीत पंचतारांकित बल्ब लावून देवघरातला हा जुना बल्ब तसाच ठेवणारी घरं पैसे चुकीच्या जागी घालताहेत.

ताऱ्यांचं काय, असं कुणी विचारेल. एलईडी बल्बांवर ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे २०१८पासून सक्तीचे आहेत आणि ते पाहावेत. पण त्यासाठी जीव टाकू नये. नऊशे ल्युमेनसाठी मध्यम बल्ब नऊ वॅट घेतो, उत्तम बल्ब साडेसात. रोज पाच तासांनी वर्षाचा फरक तीन युनिटांचाही नाही. रात्रभर जळणाऱ्या फाटकावरच्या किंवा गोठ्यातल्या दिव्याला तारे मोजा, एरवी ड्रायव्हर कसा आहे आणि वॉरंटी किती आहे ते मोजा.

एक जुनी हरकत जालन्यात विशेष जोराने घेतली जाते. हा लोखंडी सळ्यांचा जिल्हा, औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार वितळवायला दिवसरात्र वीज ओढतात, तिथे आमच्या घरातल्या चार बल्बांनी काय होणार? देशाच्या विजेच्या हिशेबात एका घराने काहीच होत नाही, हे मान्य. पण भट्टीची वीज वेगळ्या वाहिनीवरून जाते आणि तिचं बिल कारखानदार भरतो. गावच्या डीपीवर भट्टी नसते. शंभर घरांत प्रत्येकी साठचे पाच बल्ब संध्याकाळी एकदम लागले तर डीपीवर तीस किलोवॅटचा भार पडतो, तेच नऊचे असतील तर साडेचार किलोवॅटचा. संध्याकाळी सातला व्होल्टेज किती पडतं ते याच फरकावर ठरतं, त्याचा कारखान्याशी संबंध नाही. शिवाय मराठवाड्यात वीज आणि पाणी यांचं नातं विसरून चालत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातलं परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: घरात दिव्यांपेक्षा पंखे, फ्रिज, मोटर जास्त खातात, मग दिव्यांच्याच मागे का लागायचं? हे बरोबर आहे. जुना पंचाहत्तर वॅटचा पंखा काढून अठ्ठावीस-तीस वॅटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो वर्षातले आठ महिने रोज बारा तास फिरला, तर एकशे तीसच्या वर युनिटं वाचतात. सगळे दिवे आधीच एलईडी झालेल्या घराने पुढचा पैसा पंख्यातच घालावा. पण पंखा अडीच-तीन हजारांचा आणि देवघरातला नाइट बल्ब तीस-चाळीस रुपयांचा. ज्या घरात अजून पिवळे बल्ब, चोकच्या ट्यूब नि झिरो आहेत, त्यांना पहिला रुपया दिव्यांतच सगळ्यांत लवकर परत मिळतो. सीएफएल मात्र चालू असतील तर घाईने काढू नयेत. पंधरा वॅटच्या सीएफएलच्या जागी नऊचा एलईडी लावून वर्षाला अकरा युनिटं वाचतात. ती आपलं आयुष्य संपवून जाईल तेव्हा बदला.

रंगाबद्दल थोडं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड काढतात. हा निळा एलईडी बनवायला इतकी वर्षं लागली, की तो साधणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. डबीवर ६५०० केल्व्हिन लिहिलेला बल्ब निळसर पांढरा, २७०० किंवा ३००० लिहिलेला जुन्या बल्बसारखा पिवळसर. आपल्याकडे पांढरा म्हणजे जास्त उजेड असं मानून सगळीकडे ६५०० च घेतला जातो. एलईडीने डोळे जातात या भीतीला घरगुती उजेडापुरता आधार नाही, पण रात्री उशिरा निळसर उजेडात बसलं की झोप लागायला उशीर होतो, हे अनेक प्रयोगांनी दाखवलं आहे. झोपायच्या खोलीत ३००० चा लावावा. पावसाळ्यात ओसरीवर आणि अंगणातही पिवळसरच बरा, कारण निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात आणि जेवणाच्या ताटापर्यंत पोचतात. ओट्यावर, शिवणयंत्रावर आणि अभ्यासाच्या टेबलावर ४००० ते ६५०० चालतो.

जुन्या फिटिंगमध्ये नवा दिवा बसवताना दोन गोष्टी वायरमनला नक्की सांगाव्यात. ट्यूबच्या जुन्या पट्टीत एलईडी ट्यूब घालायची असेल तर काही ट्यूबांना चोक आणि स्टार्टर काढून थेट जोड द्यावी लागते, काहींबरोबर त्यांचा वेगळा स्टार्टर येतो. डबीवर आकृती असते, ती दाखवावी, अंदाजाने जोडू देऊ नये. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. बटण बंद केल्यावरही एलईडी काजव्यासारखा मिणमिणत राहिला, तर 'बल्ब खराब आहे' म्हणून तो परत करू नका. कधी बटणातल्या इंडिकेटरमुळे तसं होतं. पण बऱ्याच जुन्या घरांत वायरिंग उलटं असतं, बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडतं, आणि बंद असतानाही होल्डरमध्ये वीज असते. पिवळा बल्ब तेवढ्या गळतीने पेटत नव्हता म्हणून ते कधी कळलं नाही. स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याच्या जिवाला यात धोका आहे. टेस्टर लावून तपासून घ्यावं आणि तोवर मेन स्विच बंद केल्याशिवाय होल्डरला हात लावू नये.

याच जिल्ह्यातली आणखी एक जागा स्वतंत्र विचार करायला लावते. भाव वाढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच साठवतो, कधी अख्खी खोली छतापर्यंत भरते आणि होल्डर त्या ढिगाच्या हातभर वर राहतो. तिथे पिवळा बल्ब मुळीच नसावा, त्याची काच शंभर अंशांच्या वर तापते. एलईडीचा गळाही कापसात रुतलेला चालत नाही, त्याला हवा लागते आणि सैल होल्डरमध्ये ठिणगी पडू शकते. अशा खोलीत पाच वॅटचा बल्ब दाराजवळ, ढिगापासून दूर आणि घट्ट होल्डरमध्ये असावा. त्याहून बरं म्हणजे दिवा खोलीबाहेर लावून दार उघडं ठेवावं.

घेताना डबीवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीचं चिन्ह, आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. या तिन्हींविना विकला जाणारा बल्ब कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा. पावती घ्यावी, कारण मार्करची तारीख उष्णतेने आणि धुळीने पुसते आणि पावतीविना वॉरंटीची बदली मिळवताना हुज्जत होते.

राहता राहिला काढून टाकलेल्या जुन्या दिव्यांचा प्रश्न. पिवळा बल्ब फुटला तर काचच टोचते, पण ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, मोजायला काही मिलिग्रॅमच, तरी बंद खोलीत फुटली तर श्वासात जाण्याइतका. मिनामाता करारानुसार पाऱ्याच्या सीएफएल आणि ट्यूब २०२७पर्यंत बाजारातून हटवायचं ठरलं आहे, आणि भारत त्या करारात आहे. म्हणजे येत्या काळात घराघरांतून त्या बाहेर पडणार आणि आज बहुतेक उकिरड्यावर फुटणार. २०१६च्या घनकचरा नियमांनी ट्यूब आणि सीएफएल घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या आणि दर वीस चौरस किलोमीटरमागे त्यांच्या संकलनाचं एक केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली होती. जालन्यात २०२३पासून महानगरपालिका आहे. आपल्या प्रभागाचं केंद्र कुठे, हे तिच्या घनकचरा विभागाला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत जुन्या ट्यूब कागदात गुंडाळून, न फोडता, पोरांच्या हाताला लागणार नाहीत अशा उभ्या करून ठेवा.